समोरचं दुकान

मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव होतो. दुसऱ्या बंदरांतल्या होड्या वादळाने अडकल्या, आवक घटली, की बांगड्याचा भाव चढतो. यात कुणाचं पाप नाही. पण तोच चढा भाव दुसऱ्या देशातल्या भाऊबंदकीतून, रक्तपातातून आला तर?

लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात नोव्हेंबर १८६१ मध्ये जॉन टेनिएलचं एक व्यंगचित्र छापून आलं. अमेरिकेतले उत्तरवाले आणि दक्षिणवाले आपसांत जुंपलेत आणि जॉन बुल, म्हणजे इंग्लंड, त्यांना सुनावतोय की धंदा सोडून मारामारीच करायची तर करा, आम्ही दुसऱ्या दुकानात जातो. हे दुसरं, समोरचं दुकान म्हणजे हिंदुस्थान. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतून येई. लिंकनने दक्षिणेची बंदरं रोखल्यावर तो आटला होता. चित्राखालच्या ओळीत गिऱ्हाइकाची नाराजी तेवढी आहे. तो कापूस ज्यांनी पिकवला त्या गुलामांचा, एकूण सुमारे चाळीस लाख माणसांचा, तिथे उल्लेखही नाही.

गिऱ्हाईक खरंच समोरच्या दुकानाकडे वळलं आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे बुजवायला निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. त्या सट्ट्याचे बादशहा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. मग ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा जनरल ली शरण आला, कापसाचा भाव कोसळला आणि जुलैत मुंबईच्या पेढ्या धडाधड बुडाल्या. युद्ध थांबल्याची बातमी ऐकून माणसांनी कपाळाला हात लावावा, याहून मोठी अधोगती कोणती?

कुरुक्षेत्राच्या युद्धापासून दोघे अलिप्त राहिले, असं महाभारत सांगतं: बलराम आणि रुक्मी. भीम आणि दुर्योधन दोघेही बलरामाचे शिष्य. कौरवांचा विनाश बघवणार नाही म्हणून तो तीर्थयात्रेला निघून गेला. रुक्मी विदर्भाचा, म्हणजे पुढे कापसासाठी गाजलेल्या मुलखाचा. तो सैन्य घेऊन आधी पांडवांकडे गेला, भीती वाटत असेल तर मी आहे म्हणाला. अर्जुनाने त्याला वाटेला लावलं. मग तो दुर्योधनाकडे गेला. तिथेही तेच झालं. हात दोघांचेही कोरडे राहिले, पण बलरामाला त्या युद्धाचं दुःख होतं आणि रुक्मीला त्यात संधी दिसत होती. धर्माच्या दृष्टीने फरक पडतो तो इथे. जॉन बुल रुक्मीच्या गोत्रातला, मुंबईचा सटोडियाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मात्र त्यांच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं होईल. त्याने पिकवलं आणि मिळेल त्या भावाने विकलं.

अमेरिकेच्या त्याच युद्धाकडे पुण्यातून जोतीराव फुलेही पाहत होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी शूद्रांना दास्यातून सोडवताना त्यांचाच कित्ता गिरवावा, ही इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेतच नोंदवली.