देवाची हद्द

कसाऱ्याच्या घाटाखाली पसरलेल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ठाकूर, महादेव कोळी व वारली यांच्या वाघदेवाला बहुधा देऊळ नसते. गावाच्या शिवेवर, एखाद्या जुन्या झाडाच्या बुडाशी, चंद्र, सूर्य आणि वाघ कोरलेली दगडाची किंवा लाकडाची शेंदरी पाटी उभी असते, आणि आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, गुराखी तिच्यापुढे नारळ फोडून गुराढोरांचे रक्षण मागतात. धर्मचिंतनात आपण मूर्ती, मंत्र आणि मंदिर यांची चर्चा पुष्कळ करतो. परंतु या सर्वांच्या आधीची मनुष्याची धर्मकृती जमिनीवर हद्द आखणे हीच असावी, असे माझे मत होत चालले आहे.

इंग्लंडातील नवाश्मयुगीन ‘हेंज’ या मतास बळकटी देतात. वर्तुळाकार चर खणायचा आणि निघालेली माती त्याच्या बाहेरच्या अंगाला बांधासारखी रचायची, ही त्यांची सर्वसाधारण रीत; ज्याच्यावरून हे नाव पडले त्या स्टोनहेंजचा मुख्य बांध मात्र चराच्या आत आहे. गडाचा खंदक तटाबाहेर असतो, कारण शत्रू बाहेरून यायचा असतो. जिथे खंदकच आत घेतला, तिथे संरक्षणाचा हेतू संभवत नाही. एव्हबरीचा चर सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, धातूचे अवजार हाती नसताना, हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी खडूच्या खडकात सुमारे 9 मीटर खोल नेला गेला. पिढीजात श्रद्धेवाचून इतके श्रम कोण करील? ते खणणे हीच त्या लोकांची उपासना होती, असे मी समजतो.

आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणी येथे लोहयुगातील शिलावर्तुळे आहेत; 1961-62 साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. ती मृतांसाठी रचलेली, म्हणजे हेंजहून काळाने आणि हेतूने वेगळी. तथापि तेथील काही शिळांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले दिसतात, आणि माती टाकून मोकळे न होता कडेच्या दगडावरही कोणी इतक्या निगुतीने हात चालवला, हे पाहिल्यावर त्या कडेचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

शिवेचे दगड मोजणीच्या नकाशात येतात. वाघदेवाचे ठिकाणही तालुक्याच्या दप्तरी नोंदले जावे, आणि रस्त्याचे, खाणीचे वा धरणाचे काम काढण्यापूर्वी सरकारने पाड्यातील भगताला व वडीलधाऱ्यांना विचारावे, एवढी माझी विनंती आहे.