वाट मागणाऱ्याला नकार

परदेशी जाणाऱ्यांना एक नियम ठाऊक असतो. इतरांना तो ऐकूनही खरा वाटत नाही. तुम्हांला ज्या देशात जायचे आहे त्याचा व्हिसा तुमच्या पारपत्रावर आहे, तिकीट आहे, पैसे आहेत. वाटेत एका तिसऱ्या देशाच्या विमानतळावर उतरून दोन-तीन तासांनी दुसरे विमान धरायचे आहे. त्या देशाच्या भूमीवर पाऊल टाकण्याची तुमची इच्छा नाही. तरीसुद्धा त्या विमानतळावरील बाकावर बसण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर मुंबईतच तुम्हांला विमानात चढू दिले जात नाही.

हा नियम सर्वांना सारखा लागू नाही. युरोपीय संघाने मार्च १९९६ मध्ये दहा राष्ट्रांची सामाईक यादी केली. २००९ च्या व्हिसा संहितेत ती बारा राष्ट्रांची झाली : अफगाणिस्तान, बांगलादेश, काँगो, इरिट्रिया, इथिओपिया, घाना, इराण, इराक, नायजेरिया, पाकिस्तान, सोमालिया आणि श्रीलंका. भारताचे नाव या सामाईक यादीत नव्हते. परंतु काही देशांना आपापली स्वतंत्र यादी ठेवण्याची मुभा आहे आणि अशा याद्यांतून भारतीय पारपत्रधारकांनाही ही सक्ती सोसावी लागली. याद्या बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी चौकशी करणे हेच शहाणपण. गंमत अशी की, याच प्रवाशाजवळ अमेरिकेचा, कॅनडाचा किंवा जपानचा चालू व्हिसा असेल, तर युरोपच्या संहितेनुसार त्याला सूट मिळते. माणूस तोच, बाकही तोच. दुसऱ्या श्रीमंताने विश्वास ठेवला आहे एवढाच काय तो फरक. खुद्द अमेरिकेत तर पूर्वी व्हिसाविना विमान बदलता येई. ती सवलत २ ऑगस्ट २००३ रोजी स्थगित झाली आणि तेव्हापासून तेथे नुसते विमान बदलायचे असले तरी आपल्या लोकांना व्हिसा घ्यावाच लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांची धाकटी बहीण, जी दक्षिण अमेरिकेत धर्मभगिनी म्हणून सेवा करीत होती, तिकडेच देवाघरी गेली. संस्थेच्या भगिनींनी धावपळ करून त्या देशाचा व्हिसा मिळवून दिला. अंत्यविधी दोन दिवस पुढे ढकलला. विमानतळाच्या खिडकीवर मात्र वाटेतल्या देशाचा व्हिसा नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. दुसऱ्या मार्गाचे तिकीट हाती येईपर्यंत बहीण मातीआड झाली होती. पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्यांनी मला एवढेच विचारले, “फादर, मला त्यांच्या देशात जायचंच नव्हतं. मग ते नाही कशाला म्हणाले?”

प्रश्न साधा आहे, पण नीतिशास्त्राच्या वर्गात तो अनेक दिवस पुरेल. घरी राहायला येणाऱ्याला नकार देणे आणि अंगणावरून पलीकडे जाणाऱ्याला नकार देणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

आपल्या शेतकऱ्याला यातला फरक चांगला कळतो. माझी जमीन माझी. तिच्यात कोणी झोपडी बांधू नये हे खरे. पण मागच्या शेतकऱ्याला दुसरा मार्गच नसेल, तर बांधावरून त्याची बैलगाडी जाऊ दिली पाहिजे. याला आपण वहिवाट म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १४३ अन्वये असा रस्ता ठरवून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे, आणि तो ठरवताना शेजाऱ्याची गरज पाहावयाची असते, तो भला की बुरा हे नव्हे. अडवलेल्या वाटांची भांडणे मिटवण्यात धर्मगुरूचा किती वेळ जातो, हे वेगळे सांगायला नको!

पवित्र शास्त्रातही असाच एक अर्ज आहे. गणना या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मोशे कादेशहून अदोमच्या राजाकडे जासूद पाठवतो. शेतमळ्यांना धक्का लागणार नाही, राजमार्ग सोडणार नाही, अशी हमी तो देतो. पहिला नकार आल्यावर, गुरे पाणी प्यालीच तर त्याचे मोल देऊ असेही इस्राएल कळवतो. अदोम सैन्य घेऊन सामोरा येतो आणि इस्राएल वळसा घालून निघून जातो. पुढच्याच अध्यायात अमोरी राजा सीहोन तसाच नकार देतो. त्या प्रसंगावर भाष्य करताना संत ऑगस्टीन यांनी म्हटले आहे की, निरुपद्रवी वाटसरूला वाट देणे हे मानवी समाजाच्या अत्यंत न्याय्य नियमानुसार बंधनकारक होते. बाराव्या शतकात ग्रेशियन यांनी हे वचन आपल्या धर्मविधिसंग्रहात घेतले. संत थॉमस अक्वायनस यांनी तर परक्यांचे तीन वर्ग पाडले : वाटेने जाणारे, वस्तीला येणारे आणि नागरिकत्व मागणारे. तिघांचे हक्क त्यांनी सारखे मानले नाहीत. आजच्या कायद्याने पहिल्याला दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या संशयावरून तोलायला सुरुवात केली, हाच माझा आक्षेप आहे.

परंतु अदोमची बाजूही ऐकली पाहिजे. एक अख्खे राष्ट्र गुराढोरांसह दाराशी उभे होते आणि अदोमचा पूर्वज एसाव याला इस्राएलचा पूर्वज याकोब याने फसवले होते. शिवाय वाट मागणारे सगळेच निरुपद्रवी नसतात. सालामान्काचे डोमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी १५३९ मध्ये प्रवासाचा हक्क मोठ्या विद्वत्तेने मांडला, आणि तो अमेरिकेत उतरलेल्या स्पॅनिश लोकांच्या सोयीचाही ठरला. व्यापाराला आलेले लोक किल्ले बांधून दोनशे वर्षे राहू शकतात, हे आम्हां वसईकरांना कोणी शिकवायला नको. १९९२ च्या श्रद्धाग्रंथातही (परिच्छेद २२४१) श्रीमंत राष्ट्रांनी शक्य तितके परकीयांचे स्वागत करावे असे सांगतानाच, सार्वजनिक हितासाठी त्याला कायद्याच्या अटी घालण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला आहे.

मग या अटीमागे कोणती भीती आहे? विमान बदलण्याच्या निमित्ताने उतरलेला माणूस पुढचे विमान धरणार नाही, तर तेथेच आश्रय मागेल, ही. ती यादी पुन्हा वाचावी. तिच्यातल्या अनेक देशांतून लोक लढाईमुळे किंवा छळामुळे पळाले आहेत. आश्रय मागणे हा अपराध नव्हे. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराने त्याला मान्यता दिलेली आहे. म्हणजे मागणाऱ्याला नाही म्हणण्याचा अवघड प्रसंग येऊ नये म्हणून त्याला दारापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही, अशी ही योजना आहे. तिच्यात सापडतो तो आमच्या गावचा म्हातारा, ज्याला आश्रय नको होता.

आणि नकार देतो कोण? त्या देशाचा न्यायाधीश नव्हे. ब्रिटनने १९८७ च्या कायद्याने, आणि पुढे युरोपनेही, योग्य कागद नसलेला प्रवासी आणणाऱ्या विमान कंपनीवर दंड बसवला. तेव्हापासून खिडकीवरची पंचविशीतली मुलगी सीमारक्षक झाली आहे. तिला शरणागत ओळखता येत नाही, शोक ओळखायला वेळ नसतो. चुकली तर दंड कंपनीला आणि बोलणी तिला. तिच्यावर रागावणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो.

विमानतळाचा तो आंतरराष्ट्रीय भाग कोणाचाच नाही, असे सरकारांनाही सोयीस्करपणे वाटत होते. मार्च १९९२ मध्ये पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर उतरलेल्या चार सोमाली भावंडांना वीस दिवस तेथे पहाऱ्यात ठेवून सीरियाला परत पाठवण्यात आले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जून १९९६ मध्ये निकाल दिला की, नाव काहीही असो, ती जागा फ्रान्सचीच आहे आणि तेथे माणसाचे स्वातंत्र्य हिरावले गेले होते. त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळावर मेहरान करीमी नासेरी हा इराणी गृहस्थ १९८८ पासून २००६ पर्यंत राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला मृत्यूही तेथेच आला. मधल्या जागेतही माणूस जेवतो, आजारी पडतो, मरतो. तेथे कायदा लागू असेल, तर दयेलाही तेथे काम आहे.

राज्याने तपासू नये असे मी म्हणत नाही. तपासणी माणसाची व्हावी, त्याच्या जन्मदेशाची नव्हे. दुःखाच्या प्रसंगी काही तासांत उत्तर मिळावे. आणि नकाराविरुद्ध दाद मागायला कोणी जिवंत मनुष्य असावा. अदोमच्या राजाने निदान जासुदाला समोरून उत्तर दिले होते.

अदोमची गोष्ट मात्र गणनेच्या त्या अध्यायात संपत नाही. अनुवाद पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात, वाटेत अन्नपाणी घेऊन सामोरे न आलेल्या अम्मोनी आणि मवाबी लोकांना मंडळीत प्रवेश नाकारला आहे. तेथे वाचकाची अपेक्षा असते की, सैन्य घेऊन आलेल्या अदोमची गत याहून वाईट होईल. पण अदोमी तुझा बंधू आहे, त्याचा तिरस्कार करू नये, असा नियम इस्राएलला मिळतो, आणि त्याच्या तिसऱ्या पिढीच्या मुलांना प्रभूच्या मंडळीत येऊ द्यावे असे ठरते.