समुद्रातलं देऊळ

देऊळ जुनं असलं की आपण पहिल्यांदा विचारतो, हे बांधलं कुणी? उत्तरात बहुतेक वेळा एखादा राजा येतो, सरदार येतो, नाहीतर अहिल्यादेवींचं नाव येतं. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर, वॉटरलू नावाच्या गावाजवळ, एक देऊळ आहे. ते बांधलं उसाच्या मळ्यातल्या एका मजुरानं. शिवदास साधू त्यांचं नाव.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन या बेटाला लागलं. गुलामगिरी कायद्यानं संपली होती आणि मळ्यांना हात हवे होते. पुढे १९१७पर्यंत सुमारे दीड लाख माणसं अशीच करारावर आली. बहुतेक जण गंगेच्या खोऱ्यातले, भोजपुरी बोलणारे. शिवदास साधू लहानपणी आईवडिलांबरोबर याच वाटेनं आले आणि मोठेपणी मळ्यावरच राबले.

१९४७ साली त्यांनी किनाऱ्यालगतच्या जमिनीवर एक लहानसं देऊळ उभारलं. जमीन साखर कंपनीची होती. कंपनीनं ते पाडायला सांगितलं. ज्या हातांनी मूर्ती बसवली त्याच हातांनी ती कशी उखडायची? साधूंनी नकार दिला. खटला झाला, दंड झाला, चौदा दिवसांचा तुरुंगवास झाला, आणि देऊळ पाडलं गेलं.

इथवरची गोष्ट जगात पुष्कळ ठिकाणी घडली आहे. पुढची मात्र मला दुसरीकडे कुठे ठाऊक नाही. जमीन कुणाची ना कुणाची असते, समुद्र मात्र कुणाच्या मालकीचा नाही, असं साधूंनी ठरवलं आणि ते पाण्यात उतरले. पारियाचं आखात तिथे उथळ आहे, चिखलाचं आहे. ओहोटी लागली की ते दगड, विटा, सिमेंट घेऊन आत जात. सामान वाहायला एक सायकल आणि तिला लटकवलेल्या बादल्या. तेलाची रिकामी पिंपं आत नेऊन ठेवायची, दगड आणि काँक्रीटनं भरायची, त्यांवर पाया धरायचा. भरती आली की काम थांबायचं. लोक हसले, वेडा म्हणाले. मळ्यावरचं काम संपवून हा माणूस वर्षानुवर्षं भर घालत राहिला.

मला या कथेत राग कुठेच दिसत नाही, याचं फार मोल वाटतं. पाडणाऱ्याशी भांडण्यात त्यांनी आयुष्य घालवलं नाही. सगळं बळ त्या पिंपांत ओतलं. देवाला जागा हवी होती, ती त्यांनी तयार केली, आणि तीही कुणाचं काही हिरावून न घेता. भक्तीची याहून स्वच्छ रीत मला तरी सुचत नाही.

साधूंच्या मागे खाऱ्या पाण्यानं आणि लाटांनी बांधकाम झिजलं. १९९५ साली, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, त्या जागी नवं देऊळ उभं राहिलं. पांढरं, अष्टकोनी. किनाऱ्यापासून तिथवर आता पक्की वाट आहे. बाजूला रंगीत झेंड्या लावलेले बांबू दिसतात. पूजा झाली की झेंडी रोवायची, ही तिथल्या हिंदूंची प्रथा. शेजारीच किनाऱ्यावर दहनभूमीही आहे. घरच्या माणसाला निरोप देऊन आलेले लोक आणि दर्शनाला आलेले लोक एकाच किनाऱ्यावर भेटतात.

वाटेच्या तोंडाशी साधूंचा पुतळा आहे. त्रिनिदादला कधी जाणं झालं, तर घाईनं देवापर्यंत पोहोचू नका. आधी त्या पुतळ्यापाशी थांबा, हात जोडा आणि मग पुढे चाला. पायाखालची वाट ज्या समुद्रात आहे, तिथला पहिला दगड त्यांनी वाहिलेला आहे.