एकट्याची वाट आणि कोणाचे ऋण

सायकल, तंबू आणि चार दिवसांचा शिधा घेऊन रेल्वेने दूरच्या स्थानकावर उतरावे आणि तेथून एकट्यानेच भ्रमंती करावी, ही आवड अलीकडे आपल्या तरुणांत वाढत आहे. नागरवाड्यातून निघणाऱ्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. रेल्वेने चांदोद गाठले की नर्मदेचा काठ जवळच आहे. जानेवारी २०२१ मध्ये हा लोहमार्ग पुढे केवडियापर्यंत, म्हणजे आजच्या एकतानगरपर्यंत नेण्यात आला. अशा प्रवासाहून परतलेला तरुण अभिमानाने सांगतो, ‘कोणावाचून काही अडले नाही.’ कोणावाचून न अडणे हा खरोखर सद्गुण आहे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

त्या अभिमानात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुणीने २०१८ साली, वयाची विशी गाठताना, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १५९ दिवस, १४ देश आणि सुमारे २९,००० किलोमीटर. त्यातील बहुतेक अंतर तिने एकटीने कापले. वाटेत स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटण्यात आले, तरी ती थांबली नाही. स्वतःचा भार स्वतः वाहण्याची ही हिंमत आदरास पात्र आहे. ‘बरोबर कोण आहे?’ एवढ्या एका प्रश्नावर मुलींची पावले उंबऱ्यातच अडवणाऱ्या घरांनी तर ती अवश्य ध्यानात घ्यावी.

परंतु एकटेपणाचा दुसराही एक आदर्श आपल्या परिचयाचा आहे. गरुडेश्वरी १९१४ साली समाधिस्थ झालेले वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबे स्वामी यांनी संन्यासाश्रमात पायीच भारतभ्रमण केले. संन्यासी एकटाच असतो. पण तो शिधा बाळगत नाही, भिक्षा मागतो. आजचा प्रवासी सारे बरोबर नेतो, म्हणून त्याला मागावे लागत नाही. एकाने संग्रह सोडला, दुसऱ्याने याचना सोडली. अहंकार कोणाचा अधिक झिजला, हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, मागणे म्हणजे दुसऱ्यावर भार टाकणे. गरिबाच्या दारी जाण्यापेक्षा आपली चूल आपण पेटवावी हेच बरे. हा आक्षेप रास्त आहे. मात्र तंबू ज्या भूमीवर उभा राहतो ती निर्जन दिसली, तरी बेवारस नसते. ते कोणाचे शेत असते, कोणाच्या गुरांचे कुरण असते. रात्री मुक्काम करून पहाटे निघून गेलेला प्रवासी कोणाचा ऋणी नसतो असे नव्हे. त्याने ते ऋण ओळखलेले नसते, इतकेच. ‘येथे रात्र काढू का?’ एवढे विचारल्याने गावावर भार पडत नाही. उलट आगंतुकाचा अतिथी होतो.

आपल्या घराण्यांनी हे विशेष जाणावे. आपले पूर्वज अठराव्या शतकापासून गायकवाडांच्या आश्रयाने या प्रांती आले. सत्तेमुळे त्यांना वाडे मिळाले, वतने मिळाली. शेजार मात्र सत्तेने मिळाला नाही. तो भाषा विचारून, विरजण मागून, अडीअडचणीला हाक मारून मिळवावा लागला. म्हणून एकट्याने निघणाऱ्यांना आम्ही अडवू नये. शिदोरी पुरेशी द्यावी आणि एवढेच सांगावे, की गरज नसली तरी वाटेत एखाद्या दारी पाणी मागून प्यावे.