परिप्रश्न: पुरावा कोणी द्यायचा?



आजचं वाचन गीतेचा चौथा अध्याय, श्लोक ३४. ज्ञान कसं मिळवावं हे सांगताना भगवंत तीन गोष्टी एका दमात ठेवतात: प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. पहिल्या आणि तिसऱ्या शब्दावर आपण खूप ऐकलेलं असतं. मधला शब्द घाईत ओलांडला जातो. 'परि' म्हणजे सगळीकडून, प्रदक्षिणेसारखं. एकाच बाजूने टोचलेला प्रश्न म्हणजे परिप्रश्न नव्हे. आणि हा शब्द नम्रता आणि कष्ट यांच्या मध्ये बसवलाय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रश्न विचारायचा तर डोकं थोडं झुकलेलं हवं आणि हात कामाला लागलेले हवेत.

या आठवड्यात हा शब्द दोनदा उपयोगी पडला.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे, मुलगा होणार. (तिकडे आधी सांगतात.) हॉस्पिटलच्या कागदांत एक रकाना होता: बाळाची सुंता करायची का? त्याचा फोन आला, "दादा, इथे खूप जण करतात. आपण काय लिहायचं?" ज्यूंमध्ये आणि मुसलमानांमध्ये हा धर्मविधी आहे, आपल्या कोकणातले बेने इस्रायली मराठी बोलत पिढ्यान् पिढ्या आठव्या दिवशी तो करत आलेत. त्यांचा प्रश्न वेगळा, तो त्यांनी सोडवावा. आतेभावापुढे कुठलाच विधी नव्हता, फक्त 'खूप जण करतात' एवढंच होतं.

मी दोन रात्री वाचत बसलो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया लकव्यापासून 'वाईट सवयीं'पर्यंत कशाकशावर सुचवली होती. ती कारणं पडली, मग स्वच्छतेचं कारण आलं, मग लघवीच्या संसर्गाचं, मग एचआयव्हीचं. शेवटच्या दोन्हींत तथ्य आहे. पण अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१२ मध्ये म्हणाली की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, तरी सरसकट सगळ्यांना करा म्हणण्याइतके नाहीत, पालकांनी ठरवावं. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१० मध्येच याला विरोध केला होता. दोन्हीकडे शिकलेली माणसं. मला खटकलं ते एवढंच की शंभर-दीडशे वर्षांत कारणं बदलत गेली आणि कृती तीच राहिली. कोडमध्ये असं दिसलं की मी थांबतो. उत्तर आधी ठरलंय आणि कारण मागून जोडलंय, असा वास येतो.

आता दुसऱ्याच्या घरातलं बघणं सोपं. आपल्या घरात काय? आमची लेक आठ महिन्यांची आहे आणि अजून तिचे कान टोचलेले नाहीत. आई बारशापासून सोनाराला बोलवायचं म्हणतेय. कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक, तेव्हा विषय हलका नाही. फॉरवर्ड येतात: कान टोचल्याने मेंदू तल्लख होतो, नजर सुधारते. म्हणून मी मूळ ग्रंथ उघडला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय याच विषयावर आहे. तिथे कान टोचण्याची दोन कारणं दिलीत: बाळाचं रक्षण आणि दागिना. वय सहावा-सातवा महिना. दुसऱ्या एका ठिकाणी अंत्रवृद्धीवरचा उपाय म्हणूनही उल्लेख येतो. तल्लख मेंदूचं या अध्यायात काही नाही. आणि गंमत अशी की त्यातला बराच भाग काय बिघडू शकतं यावरच आहे: चुकीची शीर लागली तर वेदना, ताप, सूज, आणि फाटलेली पाळी जोडायच्या पंधरा पद्धती. आचार्यांनी आपल्याच शस्त्रक्रियेचे दोष स्वतः लिहून ठेवले. फॉरवर्ड करणारे तेवढं नेमकं गाळतात.

बाळाच्या वेदनेबद्दलची एक गोष्ट तर मला झोपू देईना. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या हॉस्पिटलांतही असं धरून चालत की नवजात बाळाला दुखणं नीट कळतच नाही. त्यामुळे पुष्कळ बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता व्हायच्या. भारतात डॉक्टरकी शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. के. जे. एस. आनंद यांनी ऑपरेशनहून परतणाऱ्या बाळांची अवस्था बघितली आणि प्रश्न विचारला. नुसता विचारला नाही, तर बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. नीट भूल दिलेल्या बाळांची तब्येत ऑपरेशननंतर जास्त स्थिर होती. हे १९८७ मध्ये छापून आलं आणि पद्धत बदलू लागली. 'बाळाला कळत नाही' हे गावंढळ मत नव्हतं, पुस्तकी होतं.

शनिवारी बोईसरला सत्संगानंतर चहा घेताना मी हे सांगितलं, तर एक मित्र लगेच म्हणाला, "बघ! म्हणजे शास्त्रज्ञ चुकतात. मग हवामानबदलाचं तरी कशावरून खरं? द्वारका बुडालीच होती ना? तेव्हा कुठे गाड्या होत्या? आणि कलियुग आहे, होणारच."

प्रश्न चांगला आहे, मी त्याला हसलो नाही. हवामान पूर्वीही बदलायचं हे खरंच. पण वणवे काडेपेटीच्या आधीपासून लागत आलेत, म्हणून आजचा वणवा कुणी लावलाच नसेल असं होत नाही, तपासावं लागतं. आणि तपासलेलं आहे. हवाईच्या मौना लोआवर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होता, आता ४२० च्या वर. तो कुठून आला याचीही खूण सापडते. कार्बन-१४ काही हजार वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात-तेलात तो उरतच नाही. हवेतल्या कार्बनमध्ये अशा 'जुन्या' कार्बनची भेसळ वाढताना मोजता आली. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये नाव आलंय.

शंका कशी घ्यावी याचा नमुनाही याच विषयात आहे. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींवर विश्वास नव्हता. शहरं वाढल्यामुळे आकडे फुगले असतील, अशी शंका. त्यांनी गट जमवून सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या. पैसा देणाऱ्यांत तेलधंद्यातल्या कोक कुटुंबाचं प्रतिष्ठानही होतं. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्ण माणसामुळे आहे. आनंद आणि म्युलर, दोघांनीही मान्य मतावर शंका घेतली. एकाला मत चुकीचं निघालेलं दिसलं, दुसऱ्याला बरोबर. शंका घेतल्याचा मोठेपणा दोघांचा सारखाच, कारण दोघांनीही मोजलं. माझ्या मित्राने चहा घेतला.

पण हवामानावर विश्वास ठेवणारेही गोंधळ करतात, आणि तो मी रोज ऐकतो. कुंभवलीत ऊन वाढलं की बोट दोन ठिकाणी जातं: वसाहतीतल्या कारखान्यांच्या वासाकडे आणि तारापूरच्या अणुभट्टीकडे. अणुभट्टी १९६९ पासून वीज देतेय. तिच्याबद्दल वेगळ्या काळज्या असू शकतात, पण ती कोळसा जाळत नाही. आणि वासाचं रसायन एक, पृथ्वी तापवणारा वायू दुसरा. त्या वायूला वासच नाही. बॉयलरमधून दोन्ही निघतात, म्हणून आपण एकाच पिशवीत भरतो. प्रदूषण खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सगळ्यात प्रदूषित औद्योगिक भाग ठरलं. ते विष खाडीत आणि विहिरीत उतरतं. त्याला 'हवामानबदल' म्हटलं की ज्याने सांडपाणी सोडलं तो सुटतो, दोष सगळ्या जगाचा होतो.

याच खाडीवर जगणारे मच्छीमार, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, हरित लवादाकडे गेले. आधी जाळ्यात मासे मिळेनासे झाले, मग कोर्टकचेरी. नुकसान ज्याचं झालं त्यानेच पुरावा गोळा करत फिरायचं, ही आपली रीत. मला वाटतं आपण इथेच उलटे उभे आहोत. जो दुसऱ्याच्या अंगावर, पाण्यावर, हवेवर न विचारता काही करतो, त्याने आधी दाखवावं की हे गरजेचं आहे. थांबा म्हणणाऱ्याकडे पुरावा मागणं म्हणजे बाळाला म्हणणं, दुखतंय हे सिद्ध कर.

हे मी आईला सांगितलं. ती कुकर लावत होती. म्हणाली, "मग लस काय तिला विचारून टोचलीस?"

तिथे मला थांबावं लागलं, कारण बरोबर होतं. दीड महिन्याची असताना टोचली, आणि ती रडली. न विचारता केलेलं सगळंच वाईट असं म्हणता येत नाही. फरक वेळेचा आहे. डांग्या खोकला तिच्या मोठं होण्याची वाट बघणार नाही, आणि लशीने तो टळतो हे दाखवलेलं आहे. कानाची पाळी कुठे जात नाही, पाच वर्षांनी तीच आरशासमोर उभी राहून मागेल. सुंतेचंही तेच, विधी नसेल तर पोरगा मोठा होऊन ठरवू शकतो. हवामानाचं मात्र लशीसारखं आहे. आज सोडलेल्या कार्बनचा मोठा हिस्सा शतकानुशतकं हवेत राहतो. 'नक्की कळू दे, मग बघू' म्हणणं तिथे थांबणं नसतं, तोही एक निर्णय असतो, आणि तो लेकीच्या वतीने आपण रोज घेतोय.

आतेभावाला एवढंच कळवलं की डॉक्टरांना विचार, आज न केल्याने काय बिघडेल. त्याने रकाना कोरा ठेवलाय, पुढच्या तपासणीला विचारणार आहे.

आईने सोनाराला पुढच्या चैत्रात यायला सांगितलंय. माझं आणि तिचं बोलणं अजून चालू आहे.

राम कृष्ण हरी.