बिघडलेल्या पदार्थाचा धनी

घरच्या घरी केक करून पाहण्याचा छंद आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून आता चांगलाच रुजला आहे. 2020 च्या मार्चअखेर सारा देश दारे लावून बसला, तेव्हा या छंदाला उधाण आले. ज्यांनी आयुष्यात कधी कणीक मळली नव्हती असे निवृत्त गृहस्थ मैदा चाळू लागले. महाविद्यालयात जाणाऱ्या मुली आईला ओट्यापासून दूर सारून लोणी फेसू लागल्या. दारे उघडली तशी त्यांतली बरीच मंडळी थंडावली, काही टिकली. या छंदाची थट्टा पुष्कळांनी केली आहे. तिच्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. आम्हाला त्यात एक फार जुना प्रश्न दिसतो, आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. शिकणाऱ्याने अन्न बिघडवावे काय? आणि बिघडवले, तर त्या बिघडलेल्या पदार्थाचा धनी कोण?

प्रश्नाची धार ज्यांना जाणवत नसेल त्यांनी एखाद्या घरातील वृद्ध आजीबाईंची मुद्रा पाहावी. मध्येच बसलेला, आतून ओला राहिलेला केक नातीने केराच्या डब्यात लोटला, की त्यांच्या कपाळावर जी आठी उमटते ती कंजूषपणाची नव्हे. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या संस्कारात त्या वाढल्या. आणि तो संस्कार केवळ मुखोद्गत श्लोकाचा नव्हता, शिधापत्रिकेचाही होता. साखर मोजून मिळे, गहू परदेशच्या जहाजांतून येई, आणि 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा कितीतरी घरांतील चुली सोमवारी संध्याकाळी पेटत नसत. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना दोनशे ग्रॅम लोणी आणि चार अंडी केरात जाताना पाहून काही वाटू नये, अशी अपेक्षा करणेच उद्धटपणाचे आहे. आजीबाईंचा पक्ष हलका समजू नये.

तरीही तो पुरा पक्ष नव्हे. कारण केक ही वस्तू आपल्या रोजच्या स्वयंपाकातील वस्तूंहून एका बाबतीत मुळातच वेगळी आहे. आमटी करणारी बाई आमटीशी शेवटपर्यंत बोलत असते. चिंच कमी वाटली तर वाढवावी, तिखट चढले तर गुळाचा खडा टाकावा, दाट झाली तर आधणाचे पाणी घालावे; पदार्थ पानात पडेपर्यंत दुरुस्तीची वाट उघडी असते. (नैवेद्याचा स्वयंपाक असेल तर चाखण्याची सोय नाही, तेथे वासावर आणि रंगावर भागवावे लागते. पण वास आणि रंगही बोलतातच.) केकचे तसे नाही. सारे जिन्नस एकत्र झाले, भांडे ओव्हनमध्ये गेले आणि दार लागले, की करणाऱ्याचा अधिकार संपला. आत जे चालते ते त्याच्या हाताबाहेरचे. खाण्याचा सोडा दह्यातील किंवा लिंबातील आंबटाशी मिळून वायू सोडतो. त्या वायूचे बुडबुडे आणि लोणी फेसताना कोंडलेली हवा उष्णतेने फुगू लागते. त्याच वेळी अंड्यातील प्रथिने गोठू लागतात आणि मैद्यातील पिष्ट पाणी शोषून घट्ट होत जाते. फुगणे आणि गोठणे यांची ती शर्यत असते. गोठण्याआधी उतावळेपणाने दार उघडले तर गार हवेने बुडबुडे आकसतात आणि केक मध्येच बसतो. सोडा अधिक पडला तर तो भराभर चढतो, भिंती पक्क्या होण्याआधीच बुडबुडे फुटतात, आणि वर जिभेवर साबणाची चव राहते. मैदा घातल्यानंतर उत्साहाच्या भरात फार घोटले तर त्यातील चिकटपणा वाढून केक वातड होतो. यातली एकही गोष्ट चमच्याने चाखून कळत नाही. कळते ती पाऊण तासाने, आणि तेव्हा वेळ गेलेली असते.

म्हणजे आमटी शिकणारा एकाच पातेल्यात दहा वेळा चुकून दहा वेळा सावरू शकतो. केक शिकणाऱ्याला दहा चुकांसाठी दहा केक लागतात.

असे एकदा हातातून सुटले की परत न येणारे पदार्थ आपल्याकडे नव्हते असे नाही. अनारसेच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवून कुटायचे, गुळात मळून गोळे मुरत ठेवायचे. आणि एवढा खटाटोप झाल्यावर तुपात सोडलेला अनारसा जाळी धरतो की विरघळून पसरतो, हे त्या क्षणापर्यंत कोणालाच ठाऊक नसते. विरघळला म्हणजे 'अनारसा हसला' असे आपल्याकडे म्हणतात. शब्द मोठा गमतीचा आहे. पण अनारसा हसला की सून रडे, हेही सांगितले पाहिजे. गूळ अधिक झाला हे कारण घरातील सर्व बायकांना ठाऊक असे, आणि थोडी तांदळाची पिठी मिसळून पाहण्याचा उपायही ठाऊक असे. परंतु उपायाआधी चौकशी होई ती 'पीठ कुणी भिजवलं होतं?' अशी. दृष्ट, विटाळ, माहेरचे वळण, अशी माणसाकडे बोट दाखवणारी कारणे आधी निघत. गुळाकडे बोट दाखवणारे कारण सर्वांत शेवटी येई. 'हिच्या हाताला चवच नाही' हा निकाल एकदा लागला की त्यावर अपील नसे. मग एखादी चाणाक्ष सून बिघडलेले निम्मे पीठ सर्वांची नजर चुकवून गोठ्यातल्या गाईपुढे ठेवी, किंवा परसातल्या खड्ड्यात लोटी. तेव्हा जुन्या घरांत अन्न वाया जात नव्हते, हे म्हणणे फारसे खरे नाही. वाया गेलेले दिसत नव्हते, इतकेच.

केक या घरांत आला तो एकटा. त्याच्याबरोबर सासू आली नाही. 'आमच्याकडे केक असा नसतो हो,' असे सांगणारे कोणी नसल्यामुळे करणाऱ्याला चुकण्यापुरते अंगण मिळाले. या देशात तो प्रथम आला तेव्हाही त्याची स्थिती अशीच होती. केरळातील तलश्शेरी येथे मंबळ्ळी बापू नावाचे बिस्किटे करणारे गृहस्थ होते. 1883 च्या नाताळासाठी मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्या साहेबाने विलायतेहून आणलेला केक त्यांच्यापुढे ठेवला, 'असा करून द्या' म्हणून सांगितले, आणि बापूंनी परदेशी ब्रँडीच्या जागी गावची दारू घालून तो करून दिला, ही हकीकत तेथे अभिमानाने सांगितली जाते. हकीकत आहे ती साहेबाला पसंत पडलेल्या केकची. सगळ्याच यशकथा अशा असतात. फुगलेला केक इतिहासात जातो आणि बसलेला घरातच संपवला जातो.

केकबरोबर सासू आली नाही, पण तराजू आला, आणि या तराजूचे नैतिक महत्त्व आमच्या मते अद्याप कोणी नीट ओळखलेले नाही. आपला जुना स्वयंपाक अंदाजाचा. 'मावेल तेवढी कणीक', 'बेताचं मीठ', 'हाताला कळतं' ही त्याची परिभाषा. अंदाज हे खोटे ज्ञान आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हजार भाकऱ्या थापल्यावर हातात जे उतरते ते कोणत्याही काट्याला सापडणार नाही. पण त्या हजारांतल्या पहिल्या पन्नास भाकऱ्या कशा होत्या, हे अंदाज आलेली बाई विसरून गेलेली असते, आणि नवशिकीला मात्र आपल्या आजच्या हाताने मोजते. वाटी-चमच्याच्या मापाने पाककृती सांगणारे कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 मध्ये निघाले आणि घरोघर गेले. लोकांना ती सोय वाटली. आम्हाला त्यात सोयीपेक्षा अधिक काही दिसते. माप आले की दोष हातावरून उठून मापावर जाऊन बसतो. इंग्रजांच्या जुन्या पाउंड केकमध्ये मैदा, लोणी, साखर आणि अंडी एकेक पौंड घालीत. असा केक बिघडला तर 'कुणी केला?' या प्रश्नाच्या आधी 'किती घातले?' हा प्रश्न विचारता येतो. पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना मान खाली जाते. दुसऱ्याचे उत्तर वहीत लिहून ठेवता येते.

येथे अन्नाच्या आदराचा मुद्दा कोणी पुन्हा उपस्थित करील, आणि तो करावाही. ज्या तैत्तिरीय उपनिषदाकडे या आदरासाठी आपण नेहमी बोट दाखवतो, त्याची भृगुवल्ली मात्र आपण अर्धीच वाचतो. अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावे, ही व्रते तेथे आहेत खरी. पण त्यांच्याआधी, त्याच वल्लीत, एका शिकणाऱ्या मुलाची कथा आहे. भृगू आपल्या पित्याला, वरुणाला, ब्रह्म विचारतो. पिता त्याला तप करून जाणून घे म्हणतो. भृगू तप करतो आणि अन्न हेच ब्रह्म, एवढे कळून परत येतो. वरुण त्याला चुकलास म्हणत नाही. पुन्हा तप कर म्हणतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान. दर वेळी मुलगा परत येतो, दर वेळी पिता तेच सांगतो, आणि शेवटी आनंदापाशी येणे-जाणे थांबते. चार अपुऱ्या उत्तरांबद्दल एकदाही रागाचा शब्द नाही. ऋषींनी हे स्वयंपाकघरासाठी सांगितले असा आमचा दावा नाही. परंतु अन्नाच्या आदराचे व्रत आणि शिकणाऱ्याच्या अपुरेपणाविषयीची ही शांतता एकाच वल्लीत शेजारी शेजारी नांदतात, हे विसरून चालणार नाही.

मात्र भृगू परत गेला तो दर वेळी तपालाच. केक करणाऱ्याचे तप कसले? आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांकडे आम्ही ते पाहिले. मध्यम आकाराच्या अंड्याचा गर सुमारे पन्नास ग्रॅम भरतो. म्हणून ते एकच अंडे घेत, आणि लोणी, साखर, मैदा प्रत्येकी पन्नास ग्रॅम. चार अंड्यांचा केक बिघडवून जे शिकायचे ते एका अंड्याच्या केकवर शिकता येते, हा त्यांचा सिद्धांत. एका खेपेला एकच गोष्ट बदलायची, कधी आच, कधी सोडा, कधी फेसण्याचा वेळ; आणि वहीत नोंद करायची. ओव्हन म्हणाल तर माळव्यात बाट्या भाजण्यासाठी शेगडीवर ठेवायचे जे गोल ॲल्युमिनियमचे पात्र मिळते, तेच. (बाफले आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांच्या आरावर भाजणाऱ्या या प्रांताला भाजण्याची विद्या विलायतेकडून घ्यावी लागली नाही, हे जाता जाता नोंदवतो.) बसलेला केक ते कापून पुन्हा भाजत आणि सकाळच्या चहाबरोबर स्वतः खात. पुढे घरात अंडे न खाणारी सून आली, तेव्हा वहीत दह्याच्या केकचे नवे प्रकरण सुरू झाले. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये बिनअंड्याचे कस्टर्ड आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली ती आपल्या पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नसत म्हणून. दुकानातील त्या डबीच्या तळाशी एका घरातील पथ्य आहे.

याउलट छायाचित्रापुरता केला जाणारा, तीन थर आणि गुलाबी फुले ल्यालेला, एकेक घास खाऊन तिसऱ्या दिवशी फेकलेला केक आम्ही पाहिला आहे. तो उत्तम फुगला होता. बिघडला नव्हता, वाया गेला होता.

इथवर प्रश्न सोपा आहे. अवघड भाग पुढे आहे, आणि तो बसलेल्या केकच्या प्रवासाचा आहे. पुष्कळ घरांत तो डब्यात घालून कामाच्या मावशींच्या हाती दिला जातो : 'घेऊन जा, मुलं खातील.' देणाऱ्याच्या मनात अन्न वाया न घालवल्याचे समाधान असते. फेकण्यापेक्षा देणे बरे, हे कबूल. पण चांगला फुगलेला केक त्या डब्यात किती वेळा गेला, हेही ज्याचे त्याने आठवून पाहावे. त्याच ओट्याशी सकाळी स्वयंपाकाच्या बाई उभ्या असतात. चार घरच्या पोळ्या करून त्या येथे येतात. त्यांच्या भाजीत दोनदा मीठ जास्त पडले तर तिसऱ्यांदा पडण्याची वाट कोणी पाहत नाही. मुलीचा बिघाड हा प्रयोग, वडिलांचा बिघाड हा छंद, आणि बाईंचा बिघाड हा पगाराचा विषय. अनारसा हसल्यावर रडणाऱ्या सुनेची जागा त्या घरांतून रिकामी झाली असे आम्ही समजत होतो. ती रिकामी झालेली नाही, तेथे उभी राहणारी व्यक्ती तेवढी बदलली आहे. तिला कोणी दृष्ट लागली म्हणत नाही. 'उद्यापासून येऊ नका' म्हणतात.

शिकण्यासाठी बिघडवण्याचा अधिकार खरा मानायचा असेल, तर तो ज्याच्या फडताळात लोणी आहे त्याच्यापुरता ठेवून भागत नाही. एक अंडे, पन्नास-पन्नास ग्रॅमचे तीन जिन्नस आणि कामाच्या वेळेतला एक तास, एवढीच त्याची किंमत आहे. आणि तासाचा पगार कापायचा नाही. आमच्या माहितीतल्या एका घरी असे झाले. बाईंनी विचारले, 'मी करून पाहू का, वहिनी?' वहिनींनी काटा पुढे सरकवला. केक बसला; ओव्हनचे दार दोनदा उघडले गेले होते. वहिनींनी दोन बशा काढल्या, एक बाईंपुढे ठेवली, एक स्वतःकडे ओढली आणि चहा ओतला. पुढच्या गुरुवारी लोणी मऊ व्हावे म्हणून सकाळीच बाहेर काढून ठेवले होते, आणि त्याच्या शेजारी एक अंडे.