खुर्चीचं वजन

लातूरच्या एखाद्या जुन्या घरात पत्र्याची पेटी उघडली की अजूनही उर्दूतले कागद निघतात. कुठे जमिनीचं खासरापत्रक, कुठे घडी पडून फाटत आलेला एखादा फैसला. ते वाचणारं घरात आता कुणी नसतं. हैदराबाद संस्थानाने 1884 मध्ये फारसी काढून उर्दू ही कचेरीची भाषा केली. रयत बोलणार मराठी, तेलुगू नाहीतर कानडी, आणि तिचा न्याय व्हायचा उर्दूत. ते कागद चाळताना मला हटकून केशवराव कोरटकर आठवतात.

जन्म 1867 चा, वसमत तालुक्यातल्या पुरजळचा. उर्दूत चालणाऱ्या कोर्टात त्यांनी वकिली केली, हैदराबादेत नाव कमावलं आणि पुढे संस्थानच्या उच्च न्यायालयात ते न्यायमूर्ती झाले. ही झाली नोकरी-व्यवसायाची बाजू. दुसरीकडे त्यांनी सुलतान बाजारचा आर्य समाज सांभाळला आणि वामनराव नाईकांसारख्या सोबत्यांना घेऊन विवेकवर्धिनी शाळा उभी केली. जिथे रयतेने निवडून दिलेलं सभागृहच नाही, तिथे मुत्सद्द्याने मुत्सद्देगिरी करायची कुठे? शाळेच्या कार्यकारिणीत, वाचनालयाच्या वर्गणीत आणि जमलंच तर न्यायासनावर.

अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांची वाट नेमकी उलटी दिसते. ते 1789 मध्ये त्या पदावर आले. 1794 मध्ये पद न सोडताच ब्रिटनशी तह करायला लंडनला गेले. तो तह न आवडलेल्या लोकांनी गावोगाव त्यांचे पुतळे जाळले. परतल्यावर न्यायासन सोडून ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. 1800 च्या अखेरीस तीच खुर्ची पुन्हा देऊ केली गेली, तेव्हा या न्यायालयाला वजन नाही, मान नाही, असं सांगून त्यांनी ती नाकारली. जे यांच्यापुढे निवड होती. राजकारणाचं सगळं मैदान त्यांना मोकळं होतं. कोरटकरांना राजकारणाचं असं मैदानच नव्हतं. संस्थान सरकारच्या 1929 च्या 53 नंबरच्या गश्तीने, म्हणजे परिपत्रकाने, तर साधी सभा भरवायलाही सरकारची परवानगी लागू लागली. अशा राज्यात न्यायमूर्ती हा शब्द मागे असला की शाळेच्या अर्जालाही थोडं वजन येत असणार.

न्यायाधीशाने सार्वजनिक कामात पडू नये, हे आज आपण सहज बोलून जातो. मलाही ते पटतं. पण तो नियम पाळायला आधी इतर संस्था उभ्या असाव्या लागतात. ब्रिटिश मुलखात महादेव गोविंद रानडे सरकारी न्यायाधीश असतानाच पुण्याच्या सार्वजनिक सभेला विचार पुरवत होते; वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानंतर सरकारने संशयावरून त्यांना धुळ्याला धाडलं. घर बांधताना गवंडी, सुतार आणि मालक एकच माणूस असतो, असा एक काळ असतो.

मात्र हा गौरव एकसुरी नको. नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीच्याच सभागृहात महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली होती. एक वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि श्रोत्यांनी त्यांची टर उडवली. त्यांत मराठी मंडळी होती. कोर्टात आपल्या भाषेला जागा नाही म्हणून झुरणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या भाषेला हसावं! त्या अपमानातून तेलुगू भाषकांचा आंध्र जनसंघ जन्माला आला. मराठवाड्याच्या गौरवग्रंथांतून ही गोष्ट गाळली जाते, याचं मला नवल वाटत नाही.

केशवराव 1932 मध्ये वारले. नंतर पाच वर्षांनी परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं आणि 1938 मध्ये दुसरं इथे, लातुरात. वाटा उघडायला लागल्या होत्या. केशवरावांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार संस्थान भारतात सामील झाल्यावर मंत्री झाले, पुढे लोकसभेतही गेले. वडिलांना जे आडवाटेने करावं लागलं, ते मुलाला उघड करता आलं.

कोरटकरांचं मराठी चरित्र लिहिलं ते नरेंद्र चपळगावकरांनी. ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, 2023 मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याआधी कधीकाळी लातूरच्या दयानंद महाविद्यालयात ते मराठी शिकवत. आर्य समाजाच्या संस्थापकाचं नाव लावणाऱ्या त्या महाविद्यालयाच्या वर्गात कोरटकरांचं नाव कधी निघालं असेल का, हे विचारायला आता चपळगावकरही नाहीत. पेटीतले कागद मी पुन्हा घडी घालून ठेवले आहेत. उर्दू वाचणारा एक गृहस्थ औशाला आहे म्हणतात.